लांज्याजवळच्या वाडीत राहून नोकरी करायचीय : घरचं इंटरनेट कोणाचं घ्यावं?

सड्यावरचं_घर · ९ मार्च, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बारा वर्षं आम्ही पुण्यात वारज्याला राहतोय. दिवाळीनंतर सासूबाई गेल्या आणि गावच्या घरात सासरे एकटे उरले. ते पुण्यात राहायला तयार नाहीत आणि त्यांना एकटं ठेवणं आम्हाला जमणार नाही. लेकीची आठवीची परीक्षा आटपली की मेच्या सुरुवातीला आम्ही कायमचे गावी जातोय.

गाव लांजा तालुक्यात, महामार्ग सोडून सात किलोमीटर आत. आमची वाडी सड्याच्या कडेला. नवरा हापूसची कलमं बघणार आहे. माझी नोकरी पुण्यातल्या कंपनीत, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टची. दिवसाचे सहा-सात तास मी ग्राहकाची स्क्रीन बघत त्याच्याशी बोलत असते. साहेबांनी घरून काम करायला होकार दिलाय, पण तीन महिने बघू म्हणाले. आवाज तुटायला लागला तर परत यावं लागेल. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता याच पगारातून जातो, त्यामुळे मला चुकून चालणार नाही.

तीन पर्याय समोर आहेत. एक, बीएसएनएलचं फायबर. ते बाजारपेठेतला एक तरुण मुलगा फ्रँचायझी म्हणून चालवतो. त्याचा शेवटचा खांब आमच्या घरापासून चारशे मीटरवर. तिथून पुढे तार कलमांच्या बागेतून झाडांवरून आणतो म्हणाला. दोन, ५जीचा डबा. टॉवर समोरच्या टेकडीवर आहे, मध्ये पऱ्या (ओढा) आणि जुनी रायवळ आंब्याची झाडं. अंगणात फोनवर ५जीच्या दोन काड्या दिसतात, घरात शिरलं की ४जी. विक्रीला आलेला माणूस शंभर एमबीपीएस नक्की म्हणतो. तीन, शेजारच्या गावचा केबलवाला. पंधरा घरं जमवा आणि वर्षाचे पैसे आगाऊ द्या, मग लाईन आणतो म्हणतो.

पुण्यात आमच्या इमारतीत तीन कंपन्यांच्या तारा होत्या. एक बिघडली तर दुसरी घ्यायची, एवढाच विचार होता. इथे एकदा घेतलं की तेच. कोकणात राहून असं काम करणारं कोणी असेल तर सविस्तर सांगा.

---

गुहागरी · ९ मार्च, रात्री ११.०५

वाचतोय. आमच्याकडेही हाच पेच आहे, फक्त केबलवालाही नाही.

---

निवांत_मालवण · १० मार्च, सकाळी ७.४०

मी शिक्षिका आहे, मालवणपासून आठ किलोमीटरवर राहते. दीड वर्ष झालं, ५जीचाच डबा वापरतेय. फायबरसाठी नाव नोंदवून सहा महिने थांबले, पण खांबच आला नाही. हा डबा दोन दिवसांत बसला.

चांगलं आधी सांगते. टॉवर आमच्या माळ्यावरून सरळ दिसतो, मध्ये एकही झाड नाही. सकाळी ११ ते ५ अगदी सुरळीत चालतं. मुलांचे व्हिडिओ चढवते, ऑनलाइन प्रशिक्षणं होतात. तार नसल्यामुळे माकडं, फांद्या, जेसीबी ही कटकट नाही.

आता दुसरी बाजू. संध्याकाळी ७ नंतर वेग अर्ध्यावर येतो. गणपतीत चाकरमानी गावी आले की ते पाच-सहा दिवस विचारू नका, कारण सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर. वेग पडला तरी पान उघडतं, पण बोलताना आवाज मागेपुढे होतो. पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, एरवी ३० मिलिसेकंद असतो, तो मध्येच २०० वर जातो आणि समोरच्याला आपण पाण्याखालून बोलतोय असं ऐकू येतं. तुमचं सगळं काम बोलण्याचंच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. डेटाची मर्यादाही बघा. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबी असते, हवेतल्या जोडणीत बहुधा १,००० जीबी. आम्हा दोघांना पुरते. तुमच्या घरी टीव्हीही त्यावरच चालणार असेल तर हिशेब करा.

तुमच्या आणि टॉवरच्या मध्ये रायवळ आंबे आहेत, याची मला जास्त धास्ती वाटते. पावसात भिजलेली दाट पानं ५जीचा सिग्नल बराच खातात. मार्चमधली रेंज बघून जुलैचा निर्णय घेऊ नका.

---

जोडकाम · १० मार्च, दुपारी २.१५

ताई, मी फायबरचं स्प्लायसिंग, म्हणजे तारा जोडायचं काम करतो, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, अकरा वर्षं झाली. मालवणच्या बाईंनी लिहिलेलं बरोबर आहे. तुमच्या कामाला तारच पाहिजे. पण तार म्हणजे कंपनीचं नाव नव्हे. आधी त्या मुलाच्या दुकानात जाऊन बसा आणि पुढचं विचारा.

पहिलं, तुमचं ओएलटी कुठं आहे? ओएलटी म्हणजे जिथून प्रकाश निघतो ते यंत्र. त्याच्या एका पोर्टातून एक फायबर निघतं आणि स्प्लिटरमध्ये फुटून ३२ किंवा ६४ घरांत जातं. जीपॉन म्हणतात त्या पद्धतीत एका पोर्टाची ताकद येताना साधारण २.५ जीबीपीएस, जाताना १.२५ जीबीपीएस, आणि ती सगळ्यांत वाटली जाते. गावात ती वाटणी फारशी जाणवत नाही. गडबड त्याच्या मागे असते, म्हणजे फ्रँचायझीवाल्याकडे जी मुख्य लाईन येते ती किती घरांना पुरवून वापरतोय. रात्री नऊला त्याच्याच एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी बसून वेग मोजा, खरं काय ते कळतं.

दुसरं, आणि हे कोणी विचारत नाही. लाईट गेल्यावर ओएलटी किती वेळ चालतं? तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, राउटर चालू राहील, सगळे दिवे हिरवे दिसतील. पण तिकडची बॅटरी संपली की तुमच्या फायबरमध्ये प्रकाशच येत नाही. मग ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, लॉसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागतो. कोकणात पावसाळ्यात लाईट किती जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी तर म्हणेन, वेगापेक्षा या बॅटरीबद्दल जास्त विचारा.

तिसरं, स्प्लायसिंग मशीन त्याच्या स्वतःकडे आहे की तालुक्यावरून मागवतो? मागवत असेल तर तार तुटल्यावर दोन दिवस धरून चाला.

आता प्रकाशाचं गणित सांगतो, अवघड नाही. डीबीएम म्हणजे प्रकाशाची ताकद मोजायचं माप, उण्यातला आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी. ओएलटीतून +३ डीबीएम निघाला. ३२ च्या स्प्लिटरमध्ये १७ गेले. आठ किलोमीटर फायबरमध्ये अडीच गेले. जोड आणि कनेक्टर मिळून दोन धरा. घरात यायला पाहिजे उणे १८ ते उणे १९. उणे २४ पर्यंत मी चालवून घेतो. उणे २७ च्या पलीकडे ओएनटीचा भरवसा नाही. बसवायला येणाऱ्या पोराकडे पॉवर मीटर असतो. आकडा दाखव म्हणा, त्याचा फोटो काढून ठेवा. पुढं कधी नेट अडखळलं तर ओएनटीच्या पानावर तोच आकडा बघायचा. उणे १९ चा उणे २५ झाला असेल तर तार कुठंतरी दाबली गेलीय किंवा जोडाच्या डबीत पाणी शिरलंय. मग फोनवर "राउटर बंद करून चालू करा" ऐकत बसायची गरज नाही, थेट आकडा सांगायचा.

आणि फायबरच्या टोकात डोळा लावून कधी बघू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. घरात लहान मूल असेल तर त्यालाही सांगून ठेवा.

---

कलमांचा_माणूस · १० मार्च, रात्री ९.३०

संगमेश्वरहून. मी केबलवाल्याच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे आधी एका मोठ्या कंपनीची लाईन होती, नाव लिहीत नाही. तार तुटली तर सहा दिवस फक्त "तुमची तक्रार नोंदवली आहे" असा मेसेज. आता गावचाच केबलवाला आहे. गेल्या जुलैत रात्री नऊला पावसात मोटारसायकलवरून आला, बॅटरीच्या उजेडात जोड मारला आणि गेला. त्याची आई आणि माझी आई एका देवळात भजनाला बसतात. तो फोन उचलत नाही असं होऊच शकत नाही.

---

जोडकाम · १० मार्च, रात्री १०.००

दादा, तुमचं शंभर टक्के पटलं. तार जोडायला येणारा माणूस कोण आणि किती लांब राहतो, हेच मी दुसऱ्या शब्दांत सांगत होतो. ताईंच्या बाबतीत अडचण एवढीच की त्यांचा केबलवाला अजून त्यांच्या वाडीत आलेलाच नाही.

---

जुनी_एसटीडी · ११ मार्च, सकाळी ६.५०

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो, शेवटची वर्षं चिपळूणला होतो.

वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका, मग तो कोणीही असो. महिन्याला किंवा फार तर तिमाहीला द्या. केबलवाल्याला एक साधा प्रश्न विचारा, "तुमचा परवाना कोणता?" इंटरनेट पुरवायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. अ वर्ग सगळ्या देशासाठी, ब वर्ग राज्याच्या सर्कलसाठी, क वर्ग साधारण जिल्ह्याएवढ्या भागासाठी. बरेच केबलवाले स्वतः परवानाधारक नसतात, दुसऱ्याची लाईन विकतात. त्यात गैर काही नाही, पण मग बिलावर त्या परवानाधारकाचं नाव हवं. तक्रार त्याच्याकडेच करायची असते. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पिनकोड टाकला की त्या भागात तारेवरचं इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांची यादी दिसते. ती एकदा बघा, न कळलेला एखादा पर्याय निघायचा. टॉवर कुठे आहेत ते तरंग संचारवर दिसतं.

तक्रारीची पद्धतही आताच समजून घ्या. कंपनीच्या क्रमांकावर तक्रार केली की डॉकेट क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, नुसतं "हो हो, माणूस पाठवतो" यावर फोन ठेवू नका. मुदतीत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. २०१२ च्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांत हे आहे. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यांना पत्रं लिहिण्यात वेळ घालवू नका.

जुन्या तांब्याच्या तारेवर आम्ही २००५ मध्ये ब्रॉडबँड द्यायला लागलो, तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. २०१३ मध्ये व्याख्या ५१२ वर गेली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर. तांब्यावर एक्सचेंजपासून तीन-चार किलोमीटरच्या पुढच्या घराला वेग मिळायचाच नाही. वाडीतली माणसं कार्यालयात येऊन विचारायची, "बाजारात चालतं ते आमच्याकडे का नाही?" आणि आमच्याकडे उत्तर नसायचं. फायबरला वीस किलोमीटरपर्यंत तशी अडचण नाही. तुमच्या सात किलोमीटर आतल्या वाडीला बाजारपेठेएवढाच वेग मिळू शकतो, हे आमच्या वेळी शक्य नव्हतं. म्हणून मीही तारच म्हणेन.

पण तार झाडांवरून आणू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे खांब आडवे झाले होते. विजेचे गेले, त्यांच्यावर लटकलेल्या आमच्या ताराही गेल्या. वीज नाही म्हणून टॉवरची डिझेलवर धावपळ. जमिनीखालून गेलेलं जे होतं तेवढं टिकलं.

---

सड्यावरचं_घर · ११ मार्च, रात्री १०.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. ओएलटीच्या बॅटरीचा विचार मी स्वप्नातही केला नसता.

काका, झाडांवरून नाही तर मग कशी आणायची? आमच्याकडे कातळ आहे, चारशे मीटर चर खणणं शक्य नाही.

---

जोडकाम · १२ मार्च, सकाळी ८.१०

खणू नका. बागेला गडगा, म्हणजे दगडाचं कुंपण असेल ना? गडग्याच्या बुंध्याशी एचडीपीई पाइप टाका, ३२ मिलिमीटरचा, पाण्याला वापरतात तोच चालेल. वर दगड रचून झाका. टाकतानाच आत नायलॉनची दोरी ओवून ठेवा, नंतर तार ओढायला लागते. वळण काटकोनात घेऊ नका, मोठ्या गोलाईत घ्या. दर शंभर मीटरला एक उघडता येईल असं तोंड ठेवा आणि ते उताराच्या वरच्या बाजूला, पाणी साचणार नाही असं. पाइपची दोन्ही टोकं बंद करा, उंदीर शिरतात.

तार घेताना आत लोखंडी तार असलेली घेऊ नका, एफआरपीची, म्हणजे फायबरग्लासची, दांडी असलेली मागा. काचेतून वीज जात नाही, पण सोबतच्या लोखंडी तारेतून येते, आणि कडकडाटात ओएनटी जळतो तो त्यामुळं नाहीतर घरच्या लाईटच्या बाजूनं. खांबापाशी आणि घरापाशी पाच-सहा मीटर जास्तीची तार गुंडाळून ठेवायला लावा. उद्या टोक तुटलं तर नवी तार ओढावी लागत नाही.

आणि घरातल्या टोकाला फास्ट कनेक्टर लावून देतात, पाच मिनिटांचं काम. तुमच्या दमट हवेत तो वर्षभरात त्रास देतो. मशीनने पिगटेल (टोक आधीच बसवलेला तारेचा तुकडा) जोडून दे म्हणा. हिरवं टोक हिरव्यातच बसतं, निळं त्यात घालायचं नाही.

---

पावशेर_डोंबिवली · १२ मार्च, सकाळी ११.३०

थोडं विषयांतर. आमच्या सोसायटीने एकाच कंपनीला आत येऊ दिलंय, दुसरी तार ओढू देत नाहीत. कमिटी म्हणते डक्टमध्ये जागा नाही. काय करावं?

---

जुनी_एसटीडी · १२ मार्च, दुपारी १२.१०

डक्ट स्वतः उघडून बघा. बहुतेक ठिकाणी बंद पडलेल्या जुन्या केबल तशाच भरून असतात, त्या काढल्या की जागा होते. पाच-सहा सभासदांच्या सह्यांचं पत्र देऊन विषय सर्वसाधारण सभेत घ्या आणि कंपनीशी काही लेखी करार आहे का ते मागा. पुढचं वेगळ्या धाग्यावर बोलू, इथे ताईंचा प्रश्न राहील.

---

ऱ्हाइनकाठ · १२ मार्च, रात्री ११.५०

जर्मनीतून लिहितोय. आई-वडील वाईला आहेत, त्यांचं इंटरनेट मी इथूनच सांभाळतो. घराच्या आतल्या बाजूबद्दल सांगतो, कारण आमच्याकडे तारेपेक्षा जास्त घोळ तिथे झाला.

तुमचं घर चिऱ्याचं असेल तर भिंती फूटभर जाड असतील. ५ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय वेगवान असतं, पण अशा एका भिंतीपलीकडे ढासळतं. २.४ गिगाहर्ट्‌झ पुढे जातं पण संथ. "नेट हळू आहे" म्हणून आईने वर्षभर मला आणि मी कंपनीला ऐकवलं. शेवटी सुट्टीत घरी गेलो, लॅपटॉपला तार जोडून मोजलं तर पूर्ण वेग. राउटर देवघराच्या कोनाड्यात होता, दोन भिंती आड. आईला मी वर्षभर बोललो त्याचं आजही वाईट वाटतं.

तुम्ही कामाच्या खोलीपर्यंत कॅट-६ ची तार आत्ताच टाकून घ्या आणि लॅपटॉप तारेवरच ठेवा. राउटरची पोर्टं गिगाबिटची आहेत का तेही विचारा, स्वस्त ओएनटीला साध्या पोर्टातून ९४-९५ एमबीपीएसच्या वर जात नाही. खरं तर तुमच्या कामाला एवढं लागतही नाही. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी तीन-चार एमबीपीएस पुरतात. ५० चा प्लॅन भरपूर झाला. ३९९ चा प्लॅन दिसला तर १८ टक्के जीएसटी धरून ४७०.८२ होतात, तेही लक्षात असू द्या.

सासऱ्यांसाठी एक. फायबरबरोबर बहुतेक कंपन्या घरचा फोन देतात. जुना लँडलाइन क्रमांक असेल तर तो त्यावर चालू ठेवता येतो का विचारा. वडिलांना मोबाइलचा पडदा दिसत नाही, पण तो फोन ते उचलतात.

---

सड्यावरचं_घर · २४ मार्च, रात्री ९.१५

शनिवारी-रविवारी गावी जाऊन आले, जे केलं ते लिहिते.

फ्रँचायझीच्या दुकानात दीड तास बसले. मुलगा साधा आहे, एकही प्रश्न टाळला नाही. ओएलटी बाजारपेठेतल्या त्याच्याच खोलीत. स्प्लायसिंग मशीन स्वतःचं, कर्ज काढून घेतलेलं. मदतीला एक भाऊ. आमच्या बाजूला त्याची १९ घरं. बॅटरी जेमतेम दोन तास टिकते, हे त्याने स्वतःहून सांगितलं. म्हणाला, "ताई, माझ्याकडे आणखी बॅटरीला पैसे नाहीत, पण घरं वाढली तर घालतो." त्याच्या एका गिऱ्हाइकाकडे रात्री नऊला बसून मोजलं. ५० च्या प्लॅनवर ४७ आलं, अपलोडही तेवढंच, पिंग १४.

५जीचंही मोजलं. चुलत दिरांचं सिम घेऊन फोन कौलांच्या उंचीला शिडीवर बांधला. सकाळी ११ ला ६८, दुपारी ४ ला ५५, रात्री ८ ला ११. मालवणच्या ताईंनी सांगितलं तसंच.

केबलवाल्याला परवान्याचं विचारलं तर तो रागावला. तो विषय तिथेच संपवला.

सासरे सगळं ऐकत होते. रात्री जेवताना म्हणाले, वाडीत आणखी सात-आठ घरांतली मुलं मुंबईला आहेत, त्यांनाही गणपतीत इथून काम करता आलं तर चार दिवस जास्त राहतील. सकाळी काठी घेऊन स्वतः घरोघर गेले. दहा घरं तयार झाली. आमच्यासह अकरा.

---

निवांत_मालवण · २४ मार्च, रात्री १०.००

वाचून डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

तरी ५जीचं एक साधं सिम घरी राहू द्या, अडीअडचणीला. फक्त ते फायबरच्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं घ्या.

---

जोडकाम · २५ मार्च, सकाळी ७.३०

आणि त्या टॉवरला लाईन कुठून येते तेही त्या पोराला विचारा. पुष्कळदा दोन्ही महामार्गाच्या कडेच्या एकाच चरातून येतात. तिथं जेसीबी लागला तर दोन्ही एकदम बंद.

---

सड्यावरचं_घर · १९ जुलै, रात्री १०.३०

चार महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. १२ मेपासून गावी आहोत.

नवऱ्याने आणि दोन गड्यांनी मिळून गडग्याकडेने पाइप टाकला, तीन दिवस लागले. अकरा घरांचे अर्ज एकदम गेल्यावर त्या मुलाने शब्द पाळला आणि ओएलटीला आणखी दोन बॅटऱ्या घातल्या. आता सात तास निघतात. घरी ओएनटीला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलाय, इन्व्हर्टर त्याशिवाय. पहिल्या दिवशीचा आकडा उणे १९.४, फोटो काढून ठेवला.

जून-जुलैत नेट पाच वेळा गेलं. तीनदा बाजारपेठेतली लाईट सात तासांपेक्षा जास्त गेली म्हणून. एकदा फांदीने मुख्य रस्त्याकडची तार तोडली, तो मुलगा आणि भाऊ दोन तासांत आले. या चारही वेळा मी दुसऱ्या कंपनीच्या सिमवर आले, चित्र बंद करून नुसत्या आवाजावर काम निभावलं.

पाचवी वेळ जोडकाम यांनी सांगितली तशीच. महामार्गाच्या कामात केबल तुटली आणि टॉवरही गेला. ग्राहकाशी बोलता बोलता आवाज थांबला. हात थरथरत होते. नवऱ्याने गाडी काढली. राजापूरला मावशी असतात, तिकडची लाईन तुटलेल्या जागेच्या पलीकडून येते असं त्या मुलाने सांगितलं होतं. पन्नास मिनिटांत तिथे पोचून त्या ग्राहकाला परत फोन लावला. तो रत्नागिरीचाच निघाला. म्हणाला, "पावसाळा आहे ताई, कळतं."

गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. तीन महिन्यांची अट काढून टाकली आहे.

आता एक प्रश्न. परवापासून आवाज किंचित अडखळतोय. आकडा उणे १९.४ होता, तो उणे २४.८ दिसतो. घरातलं काही हललेलं नाही. कुठून बघायला सुरुवात करू?

---

जोडकाम · २० जुलै, सकाळी ६.४०

अभिनंदन ताई. साडेपाच डीबी एकदम गेलेत, म्हणजे एकाच जागेचं दुखणं आहे. पाइपची तोंडं एकेक करून उघडा, सगळ्यात खालच्यापासून. पाणी साचलंय का आणि तार कुठं घट्ट वळलीय का बघा. वळण थाळीएवढं पाहिजे, वाटीएवढं झालं की प्रकाश बाहेर सांडतो. तार हाताने ओढू नका, नुसती सैल करा.

---

सड्यावरचं_घर · २० जुलै, दुपारी १.२०

सापडलं. तिसऱ्या तोंडापाशी, सुरंगीच्या झाडाखाली. पावसाने गडग्याचा एक चिरा घसरून पाइपवर बसला होता आणि आत तार चेपली होती. सासऱ्यांनी छत्री धरली, नवऱ्याने चिरा उचलला, लेक घरात बसून आकडा वाचून ओरडत होती. चोवीस, बावीस, वीस.

आता उणे १९.६ आहे.